फुटलो की तडाकलो?

नारळी पौर्णिमेच्या आधी महिनाभर तात्यांशी बोलण्यात अर्थ नसतो. आपण तोंडानं बोलत असतो आणि ते आपल्या पिशवीकडं बघत असतात. पिशवीत नारळ दिसला की संपलंच. तो काढून घेतात, कानाशी धरून हलवतात, नखानं करटीवर दोन टिचक्या मारतात, शेंडीकडची बाजू उजेडात फिरवून बघतात आणि परत देताना एवढंच म्हणतात, "चटणेक बरो आसा." मालवणात नारळाची याहून मोठी बेअब्रू करता येत नाही.

हे सगळं कशासाठी, तर नारळ लढवण्यासाठी. श्रावणातल्या पौर्णिमेला व्यापाऱ्यांचा मानाचा नारळ बाजारपेठेतून वाजतगाजत बंदरावर येतो. समोर सिंधुदुर्ग किल्ला पावसात धूसर झालेला असतो, समुद्र अजून गढूळ आणि रागावलेला. त्याला नारळ देऊन, बाबा आता शांत हो, अशी विनवणी होते. तो नारळ पाण्यात पडायची खोटी, की मागं जेटीवर पिशव्यांतून दुसरे नारळ बाहेर निघतात. एकानं आपला नारळ मुठीत धरायचा, दुसऱ्यानं आपला त्यावर हाणायचा. ज्याचा फुटला, त्याचा नारळ दुसऱ्याच्या पिशवीत. खेळ संपला. खाली मंगळूरकडचे तुळू लोकही नारळ असेच भिडवतात, आणि आमच्याकडं हल्ली बायकांच्याही स्पर्धा भरतात. तिथली गर्दी बघून पुरुष जरा लांबच उभे राहतात.

बाहेरच्या माणसाला वाटतं, यात काय कसब? दगडावर दगड. तर त्यानं तासभर जेटीवर उभं राहावं.

सगळ्यात आधी डोळ्यांत भरतात ते दणकेबाज. वय पंचविशीच्या आत, दंडाला घट्ट बसणारा शर्ट, नारळ डोक्याच्या वर नेऊन खाली आणायचा. असा फटका चुकला की तो समोरच्याच्या नारळावर न बसता मनगटावर बसतो, म्हणून त्यांच्यापुढं नारळ धरायला कुणी धजत नाही. दुपारपर्यंत यांच्या अंगठ्याला रुमाल बांधलेला असतो. यांच्या उलट टिचकीवाले. हे बहुतेक निवृत्त मास्तर किंवा पोस्टातले. फटका मारण्याआधी तीनदा नुसता नारळ टेकवून बघतात, चष्मा पुसतात, जागा बदलतात, परत टेकवतात. नारळाला तीन धारा असतात, त्या शेंडीकडं डोळ्यांपाशी जुळतात. दोन धारांच्या मधला फुगीर गाल कच्चा, हे यांचं शास्त्र. फटका अगदी हलका, दार वाजवल्यासारखा. आणि नारळ फुटतो, मेल्याचा!

पण खरे कलावंत धरणारे. हे आपण होऊन कधी मारायला जात नाहीत. मुठीतून रुपयाच्या नाण्याएवढी करटी तेवढी बाहेर दिसू देतात, बाकी सगळी बोटांच्या आत. फटका बसतो त्या क्षणी हात किंचित खाली सोडतात, चेंडू झेलताना सोडतात तसा. मारणाऱ्याला वाटतं आपण लोखंडावर मारलं, आणि त्याचाच नारळ उकलतो. हे लोक बोलतही नाहीत. फुटलेला नारळ पिशवीत टाकतात आणि पुढच्याला मानेनंच बोलावतात.

मग रडे. त्यांना नारळ फुटण्याचं दुःख नसतं, फुटला असं म्हणण्याचं असतं. "तडाकलो हा, फुटाक नाय." तडकणं आणि फुटणं यांत किती अंतर असतं यावर मी पाऊण तास चाललेला वाद ऐकलेला आहे. एका पक्षाचं म्हणणं पाणी गळलं की फुटला. दुसऱ्याचं, पाणी गळणं वेगळं आणि झिरपणं वेगळं. तेवढ्यात वरून पावसाची सर आली आणि पुरावाच वाहून गेला.

एक गृहस्थ मात्र दरवर्षी गोणभर नारळ घेऊन येतात, जो समोर येईल त्याच्याशी लढवतात, निम्मे हरतात, तेवढेच जिंकतात आणि संध्याकाळी तितकाच भार डोक्यावर घेऊन हसत घरी जातात. नारळीभाताला खोबरं तयारच. त्या रात्री अख्ख्या मालवणात झोप लागत असेल तर यांनाच.

तात्या यातल्या कुठल्याच जातीत बसत नाहीत. तात्या अजिंक्य आहेत. गेली दोन वर्षं त्यांच्याकडं एकच नारळ आहे आणि तो फुटलेला नाही, कारण तो लढलेला नाही.

हा नारळ साधा नव्हे. त्यांच्या आणि भावबंदांच्या परड्यामधल्या गडग्यावर एक बाणवली माड आहे. मूळ तात्यांच्या बाजूला, वाढला वाकडा, झाप आणि पेंड भावबंदांच्या अंगणात. त्याचा दावा दोघांच्या वडलांनी लावला तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा व्हायचा होता. तो झाला १ मे १९८१ ला. वडील गेले, वकील बदलले, माड तसाच. बाणवली माड ऐंशी वर्षं सहज उभा राहतो, त्यामुळं त्यालाही घाई नाही. दोन वर्षांपूर्वी वादळी वाऱ्यात त्याचा एक नारळ तात्यांच्या बाजूला पडला. तात्या त्याला नारळ म्हणत नाहीत, 'निकाल' म्हणतात. तो सोलून, शेंडी ठेवून, त्यांनी चुलीवरच्या फळीवर धुरात ठेवला. काकींना सक्त ताकीद, हात लावायचा नाही. काकी म्हणाल्या, "माझ्या मंगळसूत्राक कधी इतकी राखण केलास?"

दर पौर्णिमेला तात्या तो 'निकाल' फडक्यात गुंडाळून जेटीवर आणतात. फडकं सोडतात, चार जणांना दाखवतात, आणि कुणी पुढं झालाच तर कारण हजर. वारो उलटो आसा. तुझो नारळ कोवळो, तुझा नुसकान होतला. आज माझो उजवो हात दुखता. पहिल्या वर्षी तर, "आज सोमवार," म्हणाले. सोमवारी काय असतं ते कुणी विचारलं नाही. मालवणात सोमवारी काहीतरी असतंच.

परवाच्या पौर्णिमेला मात्र मुंबईचा भाचा आला होता. बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि चेंबूरला गोल्फ खेळतो. पांढरी टोपी घालून जेटीवर उभा राहिला तेव्हा दोघा-तिघांनी त्याला बंदर खात्याचा माणूस समजून आपापल्या होड्यांकडं बघितलं.

"मामा, हा खेळ गोल्फसारखाच आहे," तो म्हणाला. "माणूस कळतो यात. कोण जोर लावतो, कोण डोकं, कोण चिडतो."

"तुमच्यात काठये किती?" तात्यांचा पहिलाच प्रश्न.

"जास्तीत जास्त १४."

"आणि चेंडू?"

"एक."

"एका चेंडवाक चवदा काठये!" तात्यांनी सभोवार बघितलं. आमच्याकडं एका माडाला दोन वकील पुरतात, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

भाच्यानं मग हँडिकॅप समजावला. कच्च्या खेळाडूला आधीच सूट द्यायची, म्हणजे पक्क्याशी बरोबरीनं खेळता येतं. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे माझो नारळ जून म्हणान मी आधीच फुटलंय?" हा मुद्दा तिथंच मिटला. पहिलाच फटका वाकडा गेला तर मित्रामित्रांत तो परत मारू देतात, हे मात्र त्यांना पटलं. आमच्याकडं त्याला 'हात सटाकलो' म्हणतात आणि त्याची दिवसातून तीनदा मुभा असते. पण गोल्फमध्ये एक जण मारत असताना बाकीचे श्वास रोखून गप्प उभे राहतात, हे ऐकल्यावर आजूबाजूच्या माणसांना त्या खेळाची दयाच आली. इथं फटका मारणाऱ्याच्या कानाशी चाळीस जण सल्ला देत असतात, आणि त्यांतल्या अडतीस जणांच्या हातात नारळही नसतो.

भाचा इरेला पेटला. स्कॉटलंडमध्ये १७४४ साली गोल्फचे नियम पहिल्यांदा लिहिले गेले, तेव्हा ते फक्त १३ होते, म्हणाला. आणि मग त्यानं बॉबी जोन्सची गोष्ट सांगितली. १९२५ ची अमेरिकेची खुली स्पर्धा. गवतात पडलेला चेंडू मारायला उभा राहताना किंचित हलला. बघितलं कुणी नाही. यानं स्वतःच पंचांना सांगितलं, माझ्यावर एक फटका दंड लावा. पंच म्हणाले, आम्हांला काही दिसलं नाही. हा म्हणाला, मला दिसलं.

"मगे?"

"मग काय, त्या एका फटक्यानं बरोबरी झाली, फेरखेळ झाले, आणि एका फटक्यानं हरला."

जेटीवर सुतकी शांतता पसरली. तात्यांनी बऱ्याच वेळानं विचारलं, "तेचो वकील खंय होतो तेव्हा?"

गोष्ट फुकट गेली म्हणून भाच्यानं मोबाइल काढला. इंग्लंडातही नारळासारखा खेळ आहे, दोरीला रानटी चेस्टनटची बी बांधतात आणि एकमेकांच्या बीवर हाणतात. त्याची जागतिक स्पर्धा भरते. २०२४ मध्ये पुरुषांत जिंकलेल्या ८२ वर्षांच्या आजोबांच्या खिशात, हुबेहूब बीसारखा रंगवलेला पोलादी गोळा सापडला! चौकशी बसली. त्यांनी तो वापरला नव्हता असं ठरलं आणि ते सुटले.

"सुटले?" तात्यांचा चेहरा उजळला. "मगे ह्यो खेळ बरो." बॉबी जोन्सच्या गोष्टीनं जे झालं नव्हतं ते या बातमीनं झालं. साहेब आपला माणूस निघाला.

भाच्याचा आवाज बँकेतला, म्हणजे सभागृहाला पुरेल असा. त्यामुळं ही बातमी तीन माणसं पलीकडं उभ्या असलेल्या भावबंदांनीही ऐकली. ते पुढं आले. तात्या आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत, मधल्या माणसाशी बोलतात. मधला म्हणून त्यांनी मला धरलं.

"तेका इचार, तेच्या नारळात काय भरलेला आसा."

"तेका सांग, खोबरा."

"मगे हलयलो की वाजता कसो? शिसां भरलेला असतला."

तात्यांनी नारळ कानाशी नेला. खरोखरच आत काहीतरी गडगडत होतं. दोन वर्षांच्या धुरानं आतलं पाणी आटून खोबऱ्याचा गोटा सुटला होता, हे जेटीवरच्या लहान पोरालाही कळत होतं. शिवाय शिसं भरलेला नारळ जड लागतो आणि गोट्याचा हलका, नुसता हातात घेतला असता तरी प्रश्न सुटला असता. पण तात्या तो भावबंदांच्या हातात देणार नव्हते, कारण दिलेलं परत मिळत नाही हा घराण्याचा अनुभव. आणि भावबंद तो घेणार नव्हते, कारण घेतला म्हणजे तो तात्यांचा होता हे कबूल केल्यासारखं झालं असतं.

"तेका सांग, फोडून दाखय."

इथं सगळेच गप्प झाले. चाळीसही सल्लागार. नारळ खरा की खोटा हे फोडल्याशिवाय कळणार नाही, आणि फोडला की तो अजिंक्य राहणार नाही. तात्यांनी नारळ फडक्यावर ठेवला. परत उचलला. शेंडी कुरवाळली. भाच्याकडं एकदा बघितलं, ती नजर काही बरी नव्हती. मग होड्यांचे दोर बांधायचा लोखंडी खुंट आहे, तिथंपर्यंत गेले, वाकले, आणि टिचकीवाल्याला लाजवील असा एकच हलका ठोका मारला.

करटी दोन भागांत सुटली. आतून तपकिरी गोटा, अख्खा, कुठं चीर नाही, ओल्या सिमेंटवरून गडगडत गेला आणि भावबंदांच्या पायाशी थांबला. शिसं नाही, काही नाही. खोबरेल तेलाचा वास तेवढा सुटला.

"फुटलो," भावबंद माझ्याकडं बघून म्हणाले.

"फुटाक नाय," तात्या थेट त्यांच्याकडं बघून म्हणाले. "मी फोडलंय."

आमच्या माहितीत या दोघांतलं हे पहिलंच मधल्याशिवायचं वाक्य. भाचा टाळ्या वाजवायला लागला. त्याला वाटलं, बॉबी जोन्स उशिरा का होईना, पोचला. तोवर भावबंदांनी खाली वाकून गोटा उचलला होता. जवळच्या एका रापणकाराकडून कोयती मागून घेतली, गोटा खुंटावर ठेवला, डोळा बारीक करून माप घेतलं आणि बरोबर मधोमध कापला. एक भकल तात्यांच्या फडक्यावर ठेवलं, दुसरं तोंडात घातलं.

"माड कोणाचो ता अजून ठराक नाय," खोबरं चावत ते म्हणाले. "तवसर अर्धो माझो."

तात्यांनी आपल्या भकलाकडं बघितलं, मग त्यांच्या. "तुझा मोठा आसा," ते म्हणाले.