चिरंजीवांच्या ब्रेकला खरखर

श्टुटगार्ट, रविवार

तीर्थस्वरूप दादा,


तुझा फोन आल्यापासून हसू आवरत नाहीये. भाच्यानं रेसची गाडी घेतली आणि तिचा ब्रेक निकामी झाला, ही बातमी मिरजेत कुणी पोचवली? वहिनींनी देव पाण्यात ठेवले असतील तर त्यांना म्हणावं, काढा आणि पुसून जागेवर ठेवा. गाडीबिडी काही नाही. टेबलाला आवळून बसवलेलं एक स्टिअरिंग, खाली तीन पेडल, समोर स्क्रीन. एवढ्या भांडवलावर चिरंजीव रोज संध्याकाळी न्युर्बुर्गरिंगच्या जुन्या डोंगरी ट्रॅकवर गाडी हाकतात. एक फेरी 20.8 किलोमीटरची. कचऱ्याची पिशवी खाली नेऊन टाकायला मात्र त्यांना वेळ नसतो.

ब्रेक बिघडला हे खरं. त्या ट्रॅकच्या शेवटाकडे दोन किलोमीटरहून लांब सरळ रस्ता लागतो. तिथं हा पूर्ण वेगात, ब्रेकला पायसुद्धा लागलेला नाही, आणि गाडी आपणहून करकचून ब्रेक मारते. मागचे येऊन आदळतात. चिरंजीव किंचाळतात. खालच्या मजल्यावरच्या आजीबाई काठीनं छत ठोकतात. इथं रात्री दहा ते सकाळी सहा आवाज करायचा नाही आणि रविवारी तर अख्खा दिवस शांतता पाळायची. ब्रेक जोरात दाबला की त्याचा दणका फरशीतून थेट त्यांच्या झुंबराला पोचतो. परवा त्यांनी मला जिन्यात गाठून फार अदबीनं विचारलं, तुमच्या देशात रात्री धान्य कांडायची पद्धत आहे का?

इथला कायदा तसा गिऱ्हाइकाच्या बाजूचा. नव्या वस्तूत दोष निघाला तर दोन वर्षं विकणाऱ्याची जबाबदारी. 2022 पासून तर पहिल्या वर्षात बिघाड झाला की तो मुळातच होता असं धरतात. नव्हता हे विकणाऱ्यानं सिद्ध करायचं. आपला सेट तिसऱ्या वर्षात आहे, एवढीच काय ती अडचण. जिथून घेतला त्यांचं उत्तर मोठं गोड आलं: सुटा भाग मिळत नाही, नव्या सेटवर सवलत देऊ.

मग ह्यांनी जेवणाच्या टेबलावर पेडलचा डबा उघडला. आणि दादा, आत काय निघालं असेल? पॉट! बाबांच्या रेडिओचा व्हॉल्यूम कंट्रोल! बातम्यांच्या वेळी खरखरायला लागला की बाबा तुला हाक मारायचे, तोच. पेडल दाबलं की त्याचा दांडा फिरतो, आतली पत्र्याची जीभ कार्बनच्या पट्टीवरून घासत जाते, ती कुठं टेकली आहे त्यावर व्होल्टेज ठरतं, आणि त्यावरून कॉम्प्युटर समजतो की ब्रेक किती दाबला. पट्टी झिजली की व्होल्टेज उड्या मारायला लागतं. रेडिओत ती उडी कानाला ऐकू यायची, इथं गाडी थांबते.

झिजणार नाही तर काय? बाबा दिवसातून दोनचारदा आवाज कमीजास्त करायचे. हा एका फेरीत किती वेळा ब्रेक मारतो ते मोजत बसलं तर स्वयंपाक राहील. शिवाय पेडलचा पल्ला लहान, त्यामुळे जीभ सगळ्या पट्टीवर फिरतच नाही. त्याच त्या तुकड्यावर घासत राहते आणि तेवढाच कार्बन उडतो. त्या उडालेल्या कार्बनची भुकटी तिथंच बसते. त्यात मोज्यांचे धागे, कारण साहेब मोजे घालूनच शर्यत खेळतात. ह्यांनी चिमट्यानं ओढून काढलेला पुंजका मी जपून ठेवायला हवा होता, तुला पाठवला असता.

इथं महिन्यातल्या एका शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये रिपेअर कॅफे भरतो. अ‍ॅमस्टरडॅमला 2009 साली निघालेली ही टूम आता गावोगाव पसरली आहे. निवृत्त मंडळी सोल्डरिंगचं सामान मांडून बसतात. आपण बिघडलेलं घेऊन जायचं, केक खायचा, डब्यात यथाशक्ती पैसे टाकायचे. तुझंच दुकान म्हण, उधारीची वही तेवढी नाही. तिथल्या एका आजोबांनी पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, दांडा इकडून तिकडे फिरवला आणि म्हणाले, भुकटी निघेल, गेलेला कार्बन परत येणार नाही. तूही गिऱ्हाइकांना हेच सांगायचास. पण ती ऐकायची नाहीत.

तेव्हापासून ह्यांच्या अंगात नवा सेट संचारला आहे. जेवताना हॉल सेन्सर, झोपताना लोडसेल. हॉल सेन्सर म्हणजे पेडलला चुंबक आणि समोर चिप, मधे नुसती हवा. एडविन हॉलनं 1879 मध्येच हे तत्त्व शोधून ठेवलंय. घासायलाच काही नाही, तर झिजणार काय? लोडसेल पेडल किती सरकलं ते बघत नाही, जोर किती लावला ते मोजतो. धातूच्या तुकड्यावर बारीक जाळ्या चिकटवलेल्या असतात. दाब आला की त्या ताणल्या जातात आणि त्यांचा रेझिस्टन्स किंचित बदलतो. तुझ्या शेजारच्या किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यात तोच असतो. म्हणजे यापुढे चिरंजीव ब्रेक मारणार नाहीत, पायानं साखर जोखणार.

मी विचारलं, मग हे सगळं अमर का? तर तसंही नाही. चुंबकाचा गोंद सुटतो. लोडसेलच्या तारा केसाएवढ्या, पेडलबरोबर वाकून वाकून सोल्डरपाशी तुटतात. डायरेक्ट ड्राइव्हच्या महाग सेटमध्ये पट्टा नाही, दाते नाहीत, मोटरच्या दांड्यावरच स्टिअरिंग. मोटर वर्षानुवर्षं चालेल. पण आतल्या कपॅसिटरला उष्णता सोसत नाही. दहा अंश वाढले की आयुष्य साधारण निम्मं, हे तूच मला टीव्हीतला फुगलेला कपॅसिटर दाखवून शिकवलं होतंस. आणि तोही तगला, तर स्टिअरिंगवरच्या बटणाखालची पत्र्याची इवलीशी घुमटी दाबून दाबून चिरते. पैसे मोजायचे मोटरला आणि सेट पडून राहायचा काही रुपयांच्या बटणापायी! मी ह्यांना स्पष्ट सांगितलंय, ज्याचे स्क्रू दिसतात आणि ज्याचा सुटा भाग बाजारात मिळतो, असा सेट दाखवा, मग पैशांचं बोलू.

तोवर जुन्यावरच निभवायचं आहे. तू पुण्याला जाशील तेव्हा बुधवार पेठेतून दोन पॉट घे. 10 के, पण 'बी' छापलेले, लिनिअर. दुकानातले व्हॉल्यूमचे 'ए'वाले उचलून पाठवू नकोस. त्यांची पट्टी कानाच्या हिशोबानं केलेली. ते ब्रेकला बसवले तर अर्ध्या पेडलपर्यंत गाडी थांबायचं नाव घेणार नाही आणि मग एकदम दणका. दांडा 6 मिलिमीटरचा हवा. वहिनींच्या मेतकुटाच्या पार्सलातच टाक, मात्र मेतकुटाला दोन पिशव्या घाल. पॉटमध्ये आधीच भुकटीला तोटा नाही. दिवाळीच्या सुट्टीआधी पोचेल असं बघ, नाहीतर ह्यांनी नव्या सेटची ऑर्डर दिलीच म्हणून समज.

तुझी धाकटी बहीण