सांगोल्याने वारा पाहून मत दिलं नाही

निवडणुकीचा निकाल लागला की त्या संध्याकाळी सगळ्या वाहिन्यांवर एकच चर्चा. लाट होती, लाट नव्हती, सुप्त लाट होती. 288 मतदारसंघ एका वाक्यात गुंडाळले जातात. या आळसाचा मला राग येतो. प्रत्येक मतदारसंघाला स्वतःचा निवडणूक-इतिहास असतो आणि तो वाचल्याशिवाय तिथल्या मतदाराबद्दल बोलण्याचा अधिकार कुणालाही नाही. आज एकाच मतदारसंघाचा इतिहास वाचू. जिल्हा सोलापूर, मतदारसंघ क्रमांक 253, सांगोला.

सुरुवात 1962 पासून करू. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरची ही पहिली विधानसभा निवडणूक. 264 पैकी 215 जागा काँग्रेसने जिंकल्या. यशवंतराव चव्हाणांचा दबदबा, नव्या राज्याचा उत्साह, गावोगावचे पाटील-सावकार काँग्रेसच्या बाजूला. अशा वेळी दुष्काळी माणदेशातल्या या तालुक्याने शेतकरी कामगार पक्षाचा एक तरुण वकील निवडून दिला. गणपतराव देशमुख, मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे. शेकापचे त्या वेळी राज्यात 15 आमदार निवडून आले, त्यांतले हे एक.

पुढे 1967 ला तेच. 1978, 1980, 1985, 1990 ला तेच. 1999, 2004, 2009, 2014 ला तेच. मधे 1974 ची पोटनिवडणूकही त्यांनीच जिंकली. एकूण 11 विजय. पक्ष एक, मतदारसंघ एक, माणूस एक.

आता त्या काळात राज्यात काय चाललं होतं ते बघा. 1980 ला इंदिरा काँग्रेसला 186 जागा मिळाल्या, सांगोला शेकापकडे राहिलं. 2014 ला मोदींच्या नावावर भाजपने 122 जागा जिंकल्या, सांगोल्याने नव्वदीच्या उंबरठ्यावरच्या गणपतरावांना सुमारे 25 हजारांच्या मताधिक्याने पुन्हा पाठवलं. लाटेच्या सिद्धांताने हे सांगून दाखवा.

पक्षाच्या ताकदीनेही हे सांगता येत नाही. कारण शेकाप या काळात आटत गेला. 1967 ला 19 आमदार. 1978 आणि 1985 ला प्रत्येकी 13. 1990 ला 8, 1995 ला 6, 1999 ला 5, 2004 ला फक्त 2. ज्या पक्षाने सत्यशोधक परंपरेचा आणि शेतकऱ्यांच्या लढ्याचा वारसा सांगत काँग्रेसला पर्याय व्हायचं स्वप्न पाहिलं, तो रायगड, सोलापूर, नांदेडच्या काही तालुक्यांपुरता उरला. पक्ष बुडत होता, सांगोला तरंगत होतं. म्हणजे इथलं मत राज्यातल्या पक्षाला नव्हतं. ते तालुक्यात दिसणाऱ्या कामाला आणि माणसाला होतं.

तरीही सांगोला कुणाच्या मालकीचं नव्हतं. विक्रमाची आरती ओवाळणारे नेमकी हीच गोष्ट विसरतात. 1972 ला इथे गणपतराव हरले. काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील निवडून आले. त्यांच्या निधनानंतर 1974 ला पोटनिवडणूक झाली आणि जागा परत शेकापकडे गेली. 1995 ला गणपतराव दुसऱ्यांदा हरले. काँग्रेसचे शहाजीबापू पाटील 192 मतांनी जिंकले. सात वेळा निवडून आलेला, मंत्रिपद आणि विरोधी पक्षनेतेपद भूषवलेला, ज्याच्या प्रामाणिकपणावर विरोधकही बोट ठेवत नसत असा माणूस 192 मतांनी घरी बसला.

आणि वेळ कोणती? 1995 ला राज्यभर काँग्रेस कोसळली होती. पक्ष 80 जागांवर आला आणि शिवसेना-भाजप युतीचं सरकार आलं. नेमक्या त्याच वर्षी सांगोल्याने काँग्रेस निवडली. राज्य एकीकडे, सांगोला दुसरीकडे. या मतदाराने मुंबईला विचारून मत दिलं नाही, ना गणपतरावांना निवडताना, ना पाडताना.

दुसरं सोपं उत्तर जातीचं असतं. सांगोल्यात धनगर समाज मोठ्या संख्येने आहे, गणपतराव त्या समाजाचे, झालं, विषय संपला. नाही संपला. 1967 आणि 1972 मधे तालुक्यातल्या जाती बदलल्या नव्हत्या, निकाल बदलला. 1990 आणि 1995 मधेही जाती त्याच होत्या, निकाल पुन्हा बदलला. जात मोजून मतदारसंघ समजला म्हणणाऱ्यांनी या दोन उदाहरणांचं उत्तर द्यावं. जातीचा आधार होता, हे कुणी नाकारत नाही. पण केवळ त्या आधारावर 11 वेळा कुणी निवडून येत नाही.

मग कशावर आलं? एसटीने मुंबईला जाणारा आमदार. अधिवेशनात पूर्ण वेळ बसून अभ्यास करून बोलणारा सदस्य. ज्या तालुक्यात कापूस होत नाही तिथे उभी राहिलेली आणि चाललेली शेतकरी सहकारी सूतगिरणी. सहकारातल्या संस्था पुढाऱ्यांच्या घरात कशा गेल्या आणि कशा बुडाल्या हे महाराष्ट्राने जिल्ह्याजिल्ह्यात पाहिलंय, त्या पार्श्वभूमीवर ही सूतगिरणी उठून दिसते. 1993 पासून नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांच्यासोबत आटपाडीच्या पाणी परिषदेतून 13 दुष्काळी तालुक्यांसाठी मागितलेलं कृष्णेचं पाणी. ही मागणी सोपी नव्हती. पाणी वर उचलून शंभर-दीडशे किलोमीटर पूर्वेला न्यायचं, त्यासाठी वीज लागते, पैसा लागतो आणि दर अर्थसंकल्पात भांडावं लागतं. ते भांडण या मंडळींनी वर्षानुवर्षं केलं.

पण हेही सरळ लिहिलं पाहिजे. अर्धशतक एकाच आमदाराला निवडून देऊनही सांगोल्याच्या वाट्याला पाण्याचा टँकर आणि चारा छावणी येतच राहिली. डाळिंबाने तालुक्याला पैसा दाखवला, पण पाण्याची शाश्वती लवकर आली नाही. गणपतराव दोनदाच मंत्री झाले, 1978 च्या पुलोद सरकारात आणि 1999 च्या लोकशाही आघाडीच्या सरकारात. बाकी सगळी वर्षं विरोधी बाकांवर. आपल्याकडे योजनांचा पैसा सत्तेच्या बाजूला वळतो आणि विरोधी आमदाराच्या तालुक्याला ताटकळत ठेवलं जातं. हा दोष त्या आमदाराचा नाही, मत देणाऱ्या तालुक्याचाही नाही. तो एकामागून एक आलेल्या सरकारांचा आहे. मतदाराने विरोधी पक्षाचा माणूस निवडला म्हणून त्याचं पाणी अडवणं हा गुन्हा मानला गेला पाहिजे.

विक्रमाबद्दल थोडं. गणपतरावांचा विक्रम देशात, जगात पहिला असल्याचं अनेकदा छापून आलंय. ते चूक आहे. केरळमधल्या पाला मतदारसंघातून के. एम. माणी 1965 पासून 2016 पर्यंत 13 वेळा निवडून आले. पुदुपल्लीतून ओमन चंडी 12 वेळा. महाराष्ट्रात मात्र एकाच मतदारसंघातून 11 विजय गणपतरावांचेच. एवढं मोठं आणि खरं असताना फुगवून सांगायची गरज काय? साध्या माणसाचा गौरव खोट्या आकड्याने करू नये.

2019 ला वयामुळे ते थांबले. 57 वर्षांत तयार झालेल्या कार्यकर्त्यांच्या फळीतून उमेदवार यायला हवा होता. उमेदवारी अखेर घरातच गेली, नातू डॉ. अनिकेत देशमुख यांच्याकडे. घराणेशाहीविरुद्ध आयुष्यभर बोललेल्या पक्षाला दुसरं नाव टिकवता आलं नाही, हे शेकापचं अपयश आहे आणि गणपतरावांवरच्या प्रेमापोटी ते झाकता येणार नाही. त्या निवडणुकीत शिवसेनेकडून उभे राहिलेले शहाजीबापू पाटील 768 मतांनी जिंकले.

शहाजीबापूंच्या चिकाटीलाही दाद दिली पाहिजे. 1995 नंतर 2019 पर्यंत, मधे 24 वर्षं गेली, वारंवार हरले, पक्ष बदलला, पण मतदारसंघ सोडला नाही. आजोबांना 192 मतांनी आणि नातवाला 768 मतांनी हरवलं. दोन्ही मताधिक्यं जोडली तर बेरीज 960. एखाद्या मोठ्या गावाच्या दोन मतदान केंद्रांवरची ही मतं. ‘माझ्या एका मताने काय होणार’ म्हणत मतदानाच्या दिवशी सहलीला जाणाऱ्यांनी ही बेरीज पाठ करावी.

आणि एवढ्या काठावर निवडून आलेल्या आमदाराने तीन वर्षांनी काय केलं? जून 2022 मधे ते एकनाथ शिंदे यांच्यासोबत गुवाहाटीच्या हॉटेलात होते. तिथून कार्यकर्त्याशी फोनवर केलेलं झाडी, डोंगर, हाटीलचं वर्णन महाराष्ट्रभर गाजलं. लोक हसले, गाणी निघाली, टी-शर्ट निघाले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. दुष्काळी तालुक्याचा आमदार, ज्याला मतदारांनी एका पक्षाच्या चिन्हावर 768 मतांच्या फरकाने निवडलं, तो सरकार पाडायला दुसऱ्या राज्यात बसला होता. त्या मतदारांना कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं. आणि अर्धशतकाचा इतिहास असलेला मतदारसंघ देशाला एका फोनवरच्या वाक्यामुळे माहीत झाला, ही आपल्या माध्यमांची शरम आहे.

30 जुलै 2021 ला गणपतराव गेले. त्यांच्यानंतरची पहिली विधानसभा निवडणूक 2024 ची. शेकाप महाविकास आघाडीच्या बाजूला होता, पण सांगोल्याची जागा वाटाघाटीत उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेकडे गेली आणि उमेदवारी राष्ट्रवादीतून ऐन वेळी आलेल्या दीपक साळुंखे यांना मिळाली. 11 वेळा शेकापने जिंकलेली जागा मुंबईतल्या बैठकीत दुसऱ्याला देताना कुणाला काही वाटलं नाही. शेकापने आपला उमेदवार उभा केला, गणपतरावांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख. त्यांना सुमारे 1 लाख 16 हजार मतं पडली, शहाजीबापूंना सुमारे 91 हजार आणि साळुंखे यांना सुमारे 51 हजार. राज्यात महायुतीने विरोधकांचा धुव्वा उडवला असताना सांगोला पुन्हा वेगळ्या दिशेला गेलं आणि शेकापचा राज्यातला एकमेव आमदार इथून विधानसभेत पोचला.

या निकालाने शेकापने फार हुरळू नये. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाची मतं मिळून पहिल्याहून जास्त भरतात. तिरंगी लढत नसती तर काय झालं असतं, हे छातीठोकपणे कुणी सांगू नये. आजोबांच्या पुण्याईवर एक निवडणूक निघते, दुसरी आपल्या कामावरच काढावी लागते. सांगोल्याने गणपतरावांनासुद्धा 192 मतांसाठी माफ केलं नाही, ते नातवांना करील असं समजण्याचं कारण नाही.

पण महायुती आणि महाविकास आघाडी या दोघांनीही एक गोष्ट समजून घ्यावी. मतदारसंघ म्हणजे वाटाघाटीच्या टेबलावरचा पत्ता नव्हे. तिथल्या लोकांनी कुणाला का निवडलं, कुणाला का पाडलं, हे न पाहता जागा इकडून तिकडे फिरवणाऱ्या पक्षांना सांगोल्याने उत्तर दिलंय. असे मतदारसंघ राज्यात आणखीही असतील. आपण ते शोधत नाही, कारण निकालाच्या दिवशी आपल्याला फक्त बहुमताचा आकडा हवा असतो.

म्हणून वाचकांना एक विनंती. प्रत्येक विधानसभा निवडणुकीचा मतदारसंघवार निकाल निवडणूक आयोगाकडे नोंदलेला आहे आणि तो कुणालाही पाहता येतो. तुमच्या मतदारसंघाचे 1962 पासूनचे निकाल काढा. कोण जिंकलं, कोण हरलं, किती मतांनी, कुणी कितीदा पक्ष बदलला, 2008 च्या पुनर्रचनेत कोणती गावं आली आणि कोणती गेली, हे एका कागदावर लिहा आणि गावातल्या चौकात लावा. पुढच्या वेळी उमेदवार मत मागायला येईल तेव्हा त्याला त्या कागदासमोर उभं करा आणि विचारा, यात तुझा हिशेब कुठे आहे? आपल्या मतदारसंघाचा इतिहास ज्याला तोंडपाठ आहे, त्या मतदाराला कुठलाही पक्ष गृहीत धरू शकत नाही.