डेड स्टॉकचे नाना

शाळेने दिलेला लॅपटॉप कसा वापरावा याचं एक लांबलचक पत्रक इकडे अमेरिकेत वर्षाच्या सुरुवातीला घरी येतं. पालक शेवटच्या पानावर सही ठोकतात आणि विषय संपवतात. आमच्या एडिसनमध्ये हे पत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेला माणूस मी एकच पाहिला. नाना. तेही लाल पेनाने खुणा करत.

नाना म्हणजे आमच्या शेजारणीचे वडील. गावाकडे जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात भांडार सांभाळून निवृत्त झालेले. जानेवारीत नानींसह लेकीकडे आले, आणि पहिल्याच पहाटे तीनला झोप उडाली म्हणून स्वयंपाकघरात गेले. टेबलावर नातीचा क्रोमबुक उघडा, शेजारी दुधाचा अर्धा कप, आणि पाठीवर शाळेचा बारकोड. बारकोड दिसला आणि नानांची निवृत्ती संपली. नात उठेपर्यंत यंत्र पुसून बंद झालं होतं आणि एका नव्या वहीत नोंद पडली होती: नग एक, चार्जरसह, शेरा, उजव्या कोपऱ्यास चरा, पूर्वीचा.

"आजोबा, तो माझा लॅपटॉप आहे," नात म्हणाली.

"तुझा नाही, शाळेचा. तुझ्याकडे नुसता वापराला दिलाय. आजपासून चार्ज माझ्याकडे."

आणि खरोखरच घेतला. रात्री नऊला लॅपटॉप दिवाणखान्यात जमा, सकाळी सातला पूर्ण चार्ज होऊन परत. यात हसण्यासारखं फार नाही, पत्रकातही घरून चार्ज करूनच आणा असं बजावलेलं असतं. पण पत्रकात वही नसते, आणि वहीत 'दिला' आणि 'घेतला' अशा दोन रकान्यांत सहावीतल्या मुलीची सही तर नसतेच नसते.

ही माणसं अशी का होतात, हे सरकारी कचेरीत न राबलेल्याला कळायचं नाही. डेड स्टॉक रजिस्टरात, म्हणजे कचेरीच्या टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत, एक खुर्ची कमी निघाली तर लेखापरीक्षक आक्षेप काढतो, आक्षेप निघाला की वसुली लागते, आणि वसुली पेन्शनच्या कागदांपर्यंत माणसाचा पिच्छा पुरवते. त्यामुळे वस्तू वापरून खराब होण्यापेक्षा न वापरता शाबूत राहिलेली बरी, हे नानांच्या पिढीचं शहाणपण. गावोगावच्या शाळांत कॉम्प्युटर आले तेव्हा कित्येक मुख्याध्यापकांनी ते कपाटात घालून किल्ली जानव्याला बांधायचीच काय ती बाकी ठेवली. मुलांना कॉम्प्युटर दिसायचा तो तपासणीच्या दिवशी, चपला बाहेर काढून.

आणि इथे? 2002 साली मेन राज्याने सातवीच्या सगळ्या मुलांना लॅपटॉप वाटले, पुढे क्रोमबुक स्वस्त मिळू लागले, 2020 च्या टाळेबंदीने उरलेल्या शाळांनाही घाई केली. आता पोरं ते दप्तरात कोंबतात, वर पाण्याची बाटली टाकतात आणि दप्तर बसमध्ये भिरकावतात. नानांनी शाळेच्या दारात एका मुलाला लॅपटॉप नुसत्या पडद्याला धरून, कोंबडी नेतात तसा, लोंबकळत नेताना पाहिलं आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत.

नानांचे नियम हळूहळू वाढत गेले. झाकण दोन्ही हातांनी उघडायचं. मिटण्याआधी कळफलकावरून बोट फिरवून पाहायचं, कारण विसरलेल्या पेन्सिलीवर झाकण दाबलं की पडदा तडकतो. हा नियम अगदी बरोबर आहे. गोधडीवर ठेवायचा नाही, हाही बरोबर. थंडीत गाडीत विसरायचा नाही, हाही. मात्र गृहपाठापूर्वी साबणाने हात धुऊन ते नानांना दाखवायचे, हा पत्रकातला नव्हे.

एकदा बोलता बोलता मी त्यांना पेनसिल्व्हेनियातलं प्रकरण सांगून बसलो. शाळेने दिलेल्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातून मुलांचे घरातले फोटो निघाल्याचं 2010 मध्ये उघडकीला आलं आणि सहा लाख दहा हजार डॉलर मोजून शाळांच्या त्या कारभाऱ्यांना तडजोड करावी लागली. नाना काही बोलले नाहीत. संध्याकाळी नानींच्या पाकिटातली सर्वांत लहान टिकली कॅमेऱ्यावर बसली. सकाळी काढायची, रात्री लावायची. वहीत 'टिकली' असा नवा रकाना.

मग मे 2025 उजाडला. पोरांनी टिकटॉकवर पाहून क्रोमबुकच्या पोर्टात पेन्सिलीची शिसं आणि कागदाच्या पिना खुपसायला सुरुवात केली. शिशातून वीज जाते, आत शॉर्ट होतं आणि धूर निघतो. इथल्या शाळांची पालकांना पत्रांवर पत्रं. नानांनी लगेच नातीच्या कंपासपेटीची झडती घेऊन शिशाच्या सगळ्या नळ्या जप्त केल्या. भूमितीच्या तासाला ती बिचारी बॉलपेनने वर्तुळं काढत बसली.

पण खरा कहर झाला तो लॅपटॉप अडकून बसला तेव्हा. शाळेच्या तंत्रज्ञाने नातीला सांगितलं, घेऊन ये, पॉवरवॉश करू. क्रोमबुकवरचं सगळं पुसून तो कोरा करायचा, एवढाच त्याचा अर्थ. नानांनी मात्र आदल्याच रविवारी शेजाऱ्याला पाण्याच्या फवाऱ्याने घरामागची लाकडी डेक धुताना पाहिलं होतं, त्यालाही सगळे पॉवरवॉशच म्हणत होते. नानांनी लॅपटॉप दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि लेकीला बजावलं, "लेखी आदेशाशिवाय देणार नाही." लेकीला त्या दिवशी कचेरीत पोचायला उशीर झाला.

माझं मत विचाराल तर नानांबरोबर एका घरात राहणं अवघड आहे. चार दिवसांत मी स्वतःच लॅपटॉप फोडला असता. पण जूनमध्ये शाळेने यंत्रं परत मागवली तेव्हा मी नानांना गाडीतून घेऊन गेलो होतो, आणि तिथल्या गाड्यावर रचलेला ढीग पाहिला. कुणाची कळ गायब, कुणाची बिजागरी मोडलेली, एकावर च्युइंगगम. नातीचा तंत्रज्ञाने स्कॅन केला, एका नजरेत पाहिला आणि त्याच ढिगावर टाकला. नाना पोचपावतीसाठी उभे राहिले. पावती नसते, असं त्याने दोनदा सांगितलं. शेवटी वहीत त्याची सही घेऊनच नाना हलले.

सप्टेंबरात नातीला दुसराच लॅपटॉप मिळाला, एका कळीविना. नानांनी भारतातून फोन करून पहिला प्रश्न विचारला, "ताब्यात घेताना शेरा लिहून घेतलास का?"

घेतला होता. शाळेच्या बाईंची सही घेऊन, फोटोसकट.