डब्यातला वाघ

दहाव्या दिवशी पहाटे साडेपाचला अंदमानात उजाडलं, तेव्हा आमच्या दोन खोल्यांत मिळून सात बॅगा आ वासून पडल्या होत्या. इथे सगळंच लवकर होतं. हिवाळ्यात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. घड्याळ मिर्झापूरच्या रेखांशाचं आणि बेट त्याच्या पूर्वेला दहा अंश, म्हणून चाळीस मिनिटांचा घोळ, हे मी आत्याला समजावलं. ती म्हणाली, "भाडं चोवीस तासांचं घेतात ना? मग उजेड साडेअकराच तास का?"

नऊ दिवस आम्ही अंदमानात घर थाटत होतो. हॅवलॉकला किनाऱ्यांना नंबर आहेत, एसटीच्या फलाटांना असतात तसे. त्यातल्या सात नंबरच्या राधानगरला लोक जगभरातून येतात. तिथे आत्याने समुद्राकडे पाठ करून चादर अंथरली आणि "वाऱ्याने चिवड्यात वाळू जाते" अशी तक्रार नोंदवली. खानावळीचा मालक पूर्व बंगालातून येऊन वसलेल्यांच्या तिसऱ्या पिढीतला. मेहुण्याने त्याला आमटीत गूळ घालायची शिकवणी दिली. डाळीत साखर आधीच घातली आहे, असं तो अदबीने म्हणाला.

हॅवलॉक २०१८पासून स्वराज द्वीप आहे आणि पोर्ट ब्लेअर २०२४पासून श्री विजयपुरम. आत्या मात्र एकाला "ते पलीकडचं" आणि दुसऱ्याला "हे अलीकडचं" म्हणते, त्यामुळे सरकारने काहीही केलं तरी तिचं अडत नाही.

सेल्युलर जेल पहिल्याच दिवशी पाहून झालं होतं. तिथे सगळे खरोखर गप्प होते. १९११पासून दहा वर्षं सावरकर या तुरुंगात होते. त्यांच्या कोठडीत मेहुणा हात जोडून पाच मिनिटं उभा राहिला. आदल्या तासाला याच माणसाने समुद्र दिसणाऱ्या खोलीसाठी काउंटर डोक्यावर घेतलं होतं. सहाव्या मिनिटाला त्याने उंचावरच्या खिडकीकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "इथूनही दिसत नाही."

तर, घर इकडे आणून झालं होतं. शेवटच्या दिवशी बेट तिकडे न्यायचं होतं. सरकारी एम्पोरियममधून पडौक लाकडाचा हत्ती घेतला. मग लाकडी ट्रे, मग शेजाऱ्यांसाठी तसलाच आणखी एक. जुन्या वीसच्या नोटेवर ज्या किनाऱ्याचं चित्र होतं, त्याच्यासमोर नोट धरून फोटो काढायचा राहिला होता. पण मेहुण्याकडे फक्त यूपीआय. आत्या या गडबडीत नव्हती. ती पहाटेच स्टीलचा डबा घेऊन किनाऱ्यावर जाऊन आली होती.

विमानतळावर तो डबा क्ष-किरणांच्या बोगद्यातून गेला आणि पट्टा थांबला.

"माताजी, इसमें क्या है?"

"चिवडा. पातळ पोह्यांचा. घ्या ना."

जवानाने घेतला नाही. झाकण काढून चमच्याने उकरत गेला, तेव्हा शेंगदाण्यांच्या खाली पांढऱ्याशुभ्र प्रवाळाच्या तीन फांद्या निघाल्या. तो अजिबात चिडला नाही. अशा डब्यांची त्याला सवय असावी. नववीतल्या भाच्याने मात्र तिथल्या तिथे मोबाइल काढून वाचून दाखवलं, की १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात प्रवाळ पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. कायद्याच्या नजरेने आमची आत्या डब्यात वाघ घेऊन निघाली होती.

"मेलेलं आहे हो ते," आत्या म्हणाली.

"मेलेला वाघसुद्धा चालत नाही," भाचा म्हणाला. त्याला घरी गेल्यावर बघून घ्यायचं ठरलं.

जवानाने फांद्या काढून ठेवल्या आणि चिवडा सन्मानाने परत केला. आत्या विमानात कुणाशी बोलली नाही. खिडकीची जागा तिला दिली होती. खाली निळं, हिरवं, पुन्हा निळं असं सगळं होतं आणि नऊ दिवसांत पहिल्यांदाच ती समुद्राकडे तोंड करून बसली होती.

चेन्नईला पुढच्या विमानाला चार तास होते. भूक लागली म्हणून मी डबा उघडला. पहिल्याच घासाला दाताखाली करकर लागलं.

"शी! वाळू आहे यात. टाकून देऊ?"

आत्याने डबा माझ्या हातातून घेतला, झाकण घट्ट लावलं आणि पिशवीत अगदी तळाशी ठेवला.

"असू दे," ती म्हणाली. "तू सामोसा खा."