पारा सरकारी, गळ खाजगी

३० मे २०२४ रोजी नागपूरच्या रामदासपेठेत, कृषी विद्यापीठाच्या शेतातल्या स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान नोंदवले. सोनेगावच्या यंत्रानेही मागे राहायचे नाही म्हणून ५४ दाखवले. डेथ व्हॅलीचा १९१३ सालचा ५६.७ अंशांचा जागतिक विक्रम थोडक्यात वाचला. त्याच दिवशी वर्धा रोडवरच्या कापूस संशोधन संस्थेतला पारा मात्र ४४ वर गुमान बसून होता. हवामान खात्याने लगोलग खुलासा केला: सेन्सर बिघडला.

उन्हात यंत्राचे डोके फिरले तर खुलासा निघतो. संत्र्याच्या झाडाचे फिरले तर फक्त गळ लागते.

अमरावती रोडवर वाडीच्या चहाटपऱ्यांवर या गळीचा हिशेब रोज होतो, कारण कोंढाळीकडून कळमन्याच्या बाजाराला निघालेली संत्र्याची गाडी इथे थांबल्याशिवाय पुढे जात नाही. आंबिया बहराचे गणित तसे सोपे असते. डिसेंबरात बागेचे पाणी तोडायचे, झाडाला ताण द्यायचा, मग पाणी सोडले की फुले. आता ताणाच्या दिवसांत अवकाळी येतो, फळ बोराएवढे असताना ऊन भाजून काढते आणि ऑगस्ट-सप्टेंबरात झड लागली की बुरशी उरलेले खाली पाडते. फवारणी करावी तर पाऊस थांबत नाही, आणि थांबला की फवारायला फळ राहत नाही.

त्यासाठी हवामान आधारित फळपीक विमा आहे. यात बाग पाहायची भानगड सहसा नसते. भरपाईसाठी महसूल मंडळातल्या हवामान केंद्राचा पारा ठरलेल्या आकड्याच्या वर, ठरलेले दिवस, सलग राहायला हवा. एक दिवस ढग आला की साखळी तुटली. मग झाडाने गळलेली फळे परत चिकटवून घ्यावीत, अशी योजनेची अपेक्षा असावी.

“भाऊ, झाडाखाली पाय ठेवाले जागा नाही,” एक बागायतदार बशीत चहा ओतत म्हणाला, “अन् कम्प्युटरात म्हन्ते, सारं बराबर हाय.”

तिकडे ब्राझीलमध्येही झाडे भाजली. उष्णता, दुष्काळ आणि ‘ग्रीनिंग’ रोगाने २०२४-२५चा हंगाम १९८८-८९ नंतरचा सर्वांत कमी ठरेल, असा अंदाज निघाला. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात गोठवलेल्या संत्रारसाचा भाव पौंडाला पाच डॉलरच्या पुढे गेला. त्याच वर्षी घाना आणि आयव्हरी कोस्टमध्ये कोकोचे पीक बसले आणि कोको टनाला १० हजार डॉलर ओलांडून गेला. माल कमी झाला की भाव चढतो, हा अर्थशास्त्राचा नियम सगळ्यांना पाठ आहे. मात्र तो लागू व्हायला हातात विकायला माल उरावा लागतो, आणि विदर्भात तर फळ झाडावर असतानाच बागेचा सौदा होतो. इसार देऊन गेलेला व्यापारी गळ पाहून फोन उचलत नाही.

म्हणून वाडीतल्या जाणकारांनी हवामानबदलावर हमखास उपाय काढला आहे: बाग तोडून गोदाम टाकणे. गोदामाला बहर नाही, ताण नाही, कोळशी-डिंक्यासारखे रोग नाहीत. भाडे दर महिन्याला येते. आत दुसऱ्याच्या संत्र्यांच्या रसाचे खोके ठेवता येतात, आणि त्यांना ऊन लागू नये म्हणून एसीही बसवून मिळतो.