रंकाळ्यावरचा ‘आमचा’ पॅलेस

“काकी, ओ काकी! कापडं वाळत घालून झाली असली तर जरा कुंपणापाशी या की.”

“काय गं?”

“जाऊबाईंचे मुंबईचे पाव्हणे विचाराय लागल्यात, शालिनी पॅलेसात खोली मिळंल काय म्हणून.”

“आता? ते हॉटेल कवाच बंद पडलं. गेटावरनंच बघा म्हणावं.”

“पण आधीपासनं हॉटेलच होतं न्हवं ते?”

“खुळी का काय तू! राजवाडा हाय तो. १९३१ ला काम निघालं, १९३४ ला पुरं झालं. कोल्हापूरच्या राजाराम महाराजांचा काळ. नाव राजकन्येचं, शालिनीराजेंचं. आठ लाख लागले, तवाचे.”

“आठच? त्यात आज रंकाळा तळ्याकडंला एक खोली ईना!”

“तवा सोनं तोळ्याला तिसेक रुपये होतं. कर हिशेब.”

“थांबा... अगं बाई! पंचवीस हजार तोळ्यांच्या वर!”

“मग! काळा दगड, इटलीचा संगमरवर, कमानीतल्या काचांवर राजचिन्ह, वर घड्याळाचा मनोरा. त्याच नावानं सिनेमाची कंपनीबी निघाली, शालिनी सिनेटोन. प्रभात फिल्म कंपनीवाले १९३३ ला पुण्याला गेले, पर बाबूराव पेंटर हितंच ऱ्हायले. शालिनीसाठी ‘उषा’ सिनेमा काढला त्यांनी, १९३५ ला. कोल्हापूर काय रडत बसलं न्हाई.”

“आन् वाड्याचं हॉटेल कसं झालं?”

“१९७१ ला सरकारनं राजेलोकांचे तनखे बंद केले. एवढ्या वाड्याची नुसती झाडलोट म्हटली तरी किती माणसं लागतील! देशात कितीतरी वाड्यांची हॉटेलं झाली. हितं १९८७ ला झालं.”

“तुम्ही राहिलाय?”

“मी कशाला? गावातल्या माणसानं गावातल्याच हॉटेलात झोपायचं म्हणजे घरात भांडण झालं असंच समजत्यात लोक. लग्नाला गेलो होतो एकदा. ताट हातात आन् नजर काचांवर. हे म्हणाले, ‘चल की, मागं रांग तटलीया.’”

“म्हणजे मिरवलं गावानं आन् राहिले बाहेरचे.”

“तेच तर! निदान चहा प्यायला तरी जायचं. समोर कट्ट्यावर भेळ खायची आन् ‘आमचा पॅलेस’ म्हणून बोट दावायचं, त्यानं लाइटबिल भागतंय होय?”

“काका तर रोज पहाटे तिकडंच फिरायला जात्यात.”

“जात्यात की. खिशात दमडी न घेता.”