माजलेल्या परसाची शास्त्रशुद्ध निगा

पहिली अट अशी की, कामाला आषाढात हात घालू नये. मालक नेमका आषाढातच घालतो, कारण परसात गुडघाभर रान उभे असते आणि रविवार मोकळा असतो. नवे खुरपे, जुना पायजमा आणि ओट्यावरून सूचना देणारे एखादे वडीलधारे माणूस, एवढ्या सामग्रीवर दुपारपर्यंत सारे उपटून होते. भाद्रपदात हाच मालक बाजारात पत्रीच्या वाट्याला पैसे मोजतो. वाट्यात आघाडा असतो, माका असतो, डोरलीही असते. ओळख पटते, पण तेवढ्यावर भाव उतरत नाही.

तेव्हा खुरप्याआधी पंचांग उघडावे.

मृगाच्या सरी पडल्या की टाकळा फुटतो. कोवळा आहे तोवर त्याला भाजी म्हणावे. पालघर-ठाण्याकडच्या आदिवासी बायका मुंबईच्या बाजारात त्याच्या जुड्या विकतात. पिवळे फूल आले की तो तण. रात्री तो पाने मिटून घेतो, म्हणून बॅटरी घेऊन खुडायला जाऊ नये.

दूर्वांवर कुदळ चालवणे तर टाळावेच. त्यांच्या पेरापेराला मूळ फुटते. चार तुकडे केले की चार रोपे. मालकाला वाटते आपण सफाई करतोय, प्रत्यक्षात ती लागवड असते. गणपतीच्या आदल्या संध्याकाळी मात्र 21 कोवळ्या दूर्वा निवडायला बसले की, एवढ्या हिरवळीत नेमक्या वीसच भरतात. आघाड्याच्या लागवडीला कुदळही लागत नाही. त्याचे टोकदार बी पायजम्याला धरून घरभर हिंडते.

गुळवेल बुडातून कापली की मेली, असे समजून मालक जेवायला जातो. वर लोंबकळणारी वेल दोऱ्यासारखी मुळे सोडत सोडत पुन्हा जमीन गाठते. 2020 साली काढ्यासाठी हिचे तुकडे मागायला शेजारी फाटकाशी येत होते, तेव्हा मालकाने ती आपणच जोपासल्याचे सांगितले होते.

एकाच झाडाला पंचांगात जागा नाही: गाजरगवत. भारतातली त्याची पहिली नोंद 1956 साली प्रसिद्ध झाली ती पुण्यातून, आणि पुण्याने या प्रथम क्रमांकाची पाटी कुठे लावल्याचे ऐकिवात नाही. हे मात्र खुशाल उपटावे. फुलोऱ्याआधी आणि हातमोजे घालून, कारण अंगाला खाज सुटते, दम्याचा त्रासही होतो. त्याच्या पानांवर पांढुरके, तपकिरी रेघांचे भुंगेरे दिसताच मालक औषधाचा फवारा आणतो. तो परत ठेवावा. हे भुंगेरे मूळचे मेक्सिकोचे. गाजरगवत खाण्यासाठीच 1984 मध्ये बंगळुरूत सोडले गेले. ते कामावर आहेत.

राहता राहिला श्रावण. नागपंचमीला जमीन खणू नये, हा रिवाज मालकाला तोंडपाठ असतो आणि तो त्याला महिनाभर पुरतो. त्याच काळात अळवातून सहा-सात फुटी धामण निघाल्यास घाबरू नये. ती बिनविषारी असते, उंदीर खाते आणि आपल्या वाटेने निघून जाते. ही सूचना मोठ्याने वाचावी, म्हणजे पाण्याच्या टाकीवर चढलेल्या मालकाला ऐकू जाईल.